शाळेतून वर्षभर मदतनिधी गोळा करायचाय? आधी हात किती वेळा पसरायचा ते मोजा

आमच्या शाळेच्या मदतनिधीचं काम माझ्याकडे कसं आलं, तर मीटिंगमध्ये सगळे खाली बघत होते आणि मी चुकून वर बघितलं. झालं, पडलं गळ्यात. पहिलं वर्ष म्हणजे नुसता उत्साह, दर महिन्याला काही ना काही, एकदा नाणी, एकदा रद्दी, मग स्टॉल, मग वॉक, मग कुणीतरी म्हणालं अमुक दिवस आलाय तर त्याचंही करूया, आणि वर्ष संपताना वही उघडून बघितलं तर आम्ही एकाच घराकडे नऊ वेळा पैसे मागितले होते, आणि शेवटच्या तीन वेळांचे मिळून जेवढे आले ते पहिल्या एका वेळेपेक्षा कमी. एका मुलीच्या आईने मला गेटवर बघून सरळ रस्ता ओलांडला, माझ्या हातात डबा नव्हता तरी!

पुढच्या वर्षी तीनदाच मागितलं. पैसे जास्त जमले. तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे, कार्यक्रम मोजू नका, मागणं मोजा. खाली जे लिहिलंय ते सगळं याच्याच आजूबाजूचं आहे, कुणाच्या गळ्यात हे काम नव्याने पडलं असेल तर त्याला उपयोग होईल म्हणून.

मागण्याचा हिशेब

वर्षाच्या सुरुवातीला एक कागद घ्या आणि त्यावर शाळा घरोघरी पैसे कशाकशासाठी मागते ते सगळं लिहा, फक्त दानाचं नाही, सहल, गॅदरिंगचे ड्रेस, फोटो, प्रोजेक्टचं सामान, सगळंच. पालकांच्या डोक्यात हे वेगवेगळे खाते नसतात हो, "शाळेने परत पैसे मागितले" एवढंच असतं. आणि ज्या घरातली दोन मुलं शाळेत आहेत तिथे हे सगळं दुप्पट. हा कागद बघितल्यावर आपोआप हात आखडतो.

मी तीन मोठ्या मागण्या धरते, आणि एक राखीव. राखीव कशाला, तर भूकंप, पूर असं काही अचानक झालं की मुलंच येऊन विचारतात बाई आपण काहीच नाही करायचं का, आणि तेव्हा तुमचं कॅलेंडर भरलेलं असलं तर एकतर नाही म्हणावं लागतं नाहीतर चौथ्यांदा, पाचव्यांदा तोंड वेंगाडावं लागतं. राखीव मागणी वापरावी लागली नाही तर सोडून द्या, "उरलीच आहे तर करून टाकू" असं करायचं नाही. आणि अशा आपत्तीत वस्तू गोळा करायच्या भानगडीत शक्यतो पडू नका, पैसेच पाठवा, तेही आधीपासून तिथे काम करत असलेल्या संस्थेला, कारण ट्रकभर जुने कपडे तिथे पोचले की ते निवडायलाच माणसं लागतात आणि तिथे माणसांचीच वानवा असते.

तारखा ठरवताना परीक्षेचे दिवस, लांब सुट्टीचा आधीचा आठवडा आणि फी भरायचा महिना सोडा. काही जागतिक दिवस सोयीचे पडतात, ५ सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय दानदिन आहे (मदर तेरेसांची पुण्यतिथी, १९९७ साली त्या गेल्या), ३ डिसेंबर दिव्यांग व्यक्तींचा दिवस, ४ फेब्रुवारी जागतिक कॅन्सर दिन, २२ मार्च जलदिन. पण दिवस आहे म्हणून कार्यक्रम हे उलटं झालं, आधी विषय आणि मग त्याला जुळणारा दिवस मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर कुठलाही शनिवार चालतो.

कुणाला द्यायचं

हे मोठ्यांनी ठरवलं की वर्षभर मोठ्यांनाच ढकलावं लागतं. आम्ही तीन पर्याय ठेवतो, प्रत्येक पर्यायासाठी वरच्या वर्गातली तीन-चार मुलं पाच मिनिटं बोलतात आणि मग चिठ्ठ्या टाकून मतदान. एका वर्षी आम्हा शिक्षकांच्या मनात आजारी मुलांसाठीचं हॉस्पिटल होतं, मुलांनी धडाधड मतं दिली भटक्या कुत्र्यांच्या दवाखान्याला. स्टाफरूममध्ये थोडी नाकं मुरडली गेली. पण त्या वर्षी मुलांनी जे काम केलं, पोस्टर काय, घरी भुणभुण काय, तसं नंतर बघितलं नाही मी. मतदान घ्यायचं असेल तर निकाल मानायचा, नाहीतर घेऊच नका. मात्र त्या तीन पर्यायांची चौकशी आधीच झालेली पाहिजे, हे मोठ्यांचं काम.

चौकशी म्हणजे काय, तर संस्था नोंदणीकृत आहे का, मागच्या वर्षीचा अहवाल आणि ऑडिट झालेले हिशेब देतात का, पावती कुणाच्या नावाने आणि किती दिवसात मिळेल, आणि आमच्या पैशातून नक्की काय होणार. फोन करून विचारा, ईमेल टाका. पैसे येण्याआधी जे उत्तर देत नाहीत ते पैसे आल्यावर काय देणार. एक मात्र सांगते, काही पालक लगेच विचारतात की संस्थेचा ऑफिसचा खर्च किती टक्के, आणि तो कमी म्हणजे संस्था चांगली असं धरून चालतात. मला हे अर्धवट वाटतं. दवाखान्यात डॉक्टर लागतो, हिशेब ठेवायला माणूस लागतो, त्यांना पगार लागतो. खर्च शून्य सांगणाऱ्या संस्थेपेक्षा खर्च नीट उलगडून सांगणारी बरी.

आणि हो, त्यांच्यातलं कुणीतरी एकदा शाळेत येऊन मुलांशी बोलू शकेल का ते विचाराच. भाषण नको, काम करणारा माणूस हवा. कुत्र्यांच्या दवाखान्यातून एक ड्रेसर दादा आले होते, त्यांनी बँडेज कसं बांधतात ते एका कापडी कुत्र्यावर करून दाखवलं, बस्स, अर्ध्या तासात पूर्ण शाळा त्यांची.

पैसे मोजणे, हे आधी वाचा

खरं तर हा भाग लोक शेवटी लिहितात, मी मुद्दाम मध्येच लिहितेय कारण घोडं इथेच पेंड खातं.

आमच्याकडे एकदा स्टॉलचे पैसे शुक्रवारी संध्याकाळी मी एकटीने घाईघाईत मोजले, आकडा वहीत लिहिला, डबा स्टाफरूमच्या कपाटात, किल्ली नेहमीच्या जागी. सोमवारी दोघींनी मिळून मोजले तर पाच नोटा कमी. परत मोजले, तरी कमी. कुणी काही बोललं नाही पण सगळ्यांच्या नजरा शिपाई काकांकडे गेल्या, कारण कपाट तेच उघडतात. आठवडाभर ते माझ्याशी नजर मिळवत नव्हते की मी त्यांच्याशी, कोण जाणे. मग माझ्याच पर्समध्ये मोजणीचा तो चुरगळलेला कागद सापडला, त्यावर पाच नोटांची एक गड्डी मी दोनदा लिहिली होती. पैसे पूर्ण होते. मी काकांची माफी मागितली, सगळ्यांसमोर मागितली, पण ते जे झालं ते झालंच.

तेव्हापासूनची पद्धत. पैसे ज्या दिवशी आले त्याच दिवशी, मुलं घरी जायच्या आधी मोजायला बसायचं. दोन मोठी माणसं, नात्यातली नकोत. रिकामं टेबल, त्यावर पर्स, मोबाईल, डबे काही नाही. आधी एकीने पूर्ण मोजायचं आणि आकडा स्वतःच्या चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी उलटी ठेवायची, मग दुसरीने पहिलीचा आकडा न बघता मोजायचं. चिठ्ठीत तीन रकाने, नोट किंवा नाणं कितीचं, नग किती, एकूण किती. मग दोन्ही चिठ्ठ्या सरळ करायच्या. जुळलं तर दोघींच्या सह्या, पैसे पाकिटात, पाकीट चिकटवून जोडावर सही, बँकेत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. नाही जुळलं तर चहा घ्यायचा आणि पहिल्यापासून. नाणी दहा-दहाची चळत करून मोजायची, आणि नाणी खूप असतील तर वरच्या वर्गातली दोन-तीन मुलं चळती लावायला घ्या, मुलांना हे काम जाम आवडतं, फक्त शेवटची मोजणी मोठ्यांनीच करायची.

ऑनलाइन पैशाचं तर अजून कडक. "माझ्या नंबरवर पाठवा, मी नंतर शाळेत भरते" हे वाक्य कुणीही, कितीही भला माणूस असला तरी, बोलायचं नाही. एक तर शाळेचं खातं, नाहीतर थेट संस्थेचं. थेट संस्थेला जात असेल तर त्यांच्याकडून शाळेसाठी वेगळी लिंक किंवा खुणेचा शब्द मागून घ्या म्हणजे आपले किती गेले ते कळेल, नाहीतर मुलं विचारतात किती झाले आणि आपल्याला सांगताच येत नाही.

पहिली मागणी, नाण्यांची

सुरुवात सोप्याने करा. आम्ही वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यात सुटी नाणी मागतो, प्रत्येक मुलाला एक कागदी पाकीट, सगळी सारखी, वर नाव नाही. ठरलेल्या दिवशी प्रत्येकाने पाकीट परत आणायचं, चिकटवून. रिकामं असलं तरी चिकटवून आणायचं आणि पेटीत टाकायचं. या एका गोष्टीने किती फरक पडतो ते करून बघा, कारण कुणी दिलं कुणी नाही हे शेजारच्या बाकावरच्याला कळतच नाही.

मागताना "कितीही छोटी रक्कम चालेल" हे शब्द घाला, उगाच नाही सांगत. १९७६ साली रॉबर्ट चाल्डिनी आणि डेव्हिड श्रोडर या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग छापून आला, कॅन्सर संस्थेसाठी दारोदार जाऊन पैसे मागायचे, काही घरांत नेहमीसारखं आणि काही घरांत शेवटी "एक सेंटसुद्धा चालेल" (सेंट म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग) असं जोडून. नेहमीच्या मागणीला साधारण २९ टक्के लोकांनी दिलं, एक सेंटवाल्या मागणीला ५० टक्क्यांनी, आणि देणाऱ्यांनी रक्कमही काही कमी केली नाही. एवढंसं मागितल्यावर "सध्या जमणार नाही" म्हणायला जागाच राहत नाही ना.

आणि पहिल्या वर्षी कमी जमले तर तोंड पाडू नका. युनिसेफसाठी अमेरिकेत मुलं हॅलोविनला डबे घेऊन फिरतात, ते १९५० मध्ये फिलाडेल्फियात एका कुटुंबाने सुरू केलं, दुधाचे रिकामे खोके घेऊन, आणि पहिल्या खेपेला जमले १७ डॉलर.

दुसरी मागणी, चालायची

वर्षातला खरा आनंदाचा दिवस हाच. मैदानावर फेऱ्या मारायच्या आणि घरच्यांनी, शेजाऱ्यांनी त्यासाठी पैसे कबूल करायचे. याची प्रेरणा हवी असेल तर मुलांना टेरी फॉक्सची गोष्ट सांगा. कॅनडाचा मुलगा, १९७७ मध्ये हाडाच्या कॅन्सरमुळे उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला, आणि १२ एप्रिल १९८० ला कृत्रिम पायाने देश ओलांडायला धावत निघाला, रोज जवळपास मॅरेथॉनएवढं अंतर. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर, मग कॅन्सर फुफ्फुसात गेला म्हणून १ सप्टेंबरला थांबावं लागलं. त्याचं मागणं होतं प्रत्येक कॅनेडियन माणसामागे एक डॉलर. फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४१ लाखांवर डॉलर जमले, देशाची लोकसंख्या तेवढीच होती. जूनमध्ये तो गेला, अवघा २२ वर्षांचा होता. त्याच्या नावाची धाव १९८१ पासून दर वर्षी होते आणि त्यात स्पर्धा नाही, कुणी पहिला नाही, प्रवेश फी नाही. मला यातलं ते "कुणी पहिला नाही" सगळ्यात आवडतं आणि तुम्हीही तेच ठेवा, नाहीतर तुमच्या वॉकची शर्यत होते आणि धडधाकट पाच पोरं सोडून बाकीची झाडाखाली बसतात.

आता फेऱ्या मोजायचं. आम्ही पहिल्या वर्षी मुलांच्या हातावर पेनाने रेघा मारल्या, अर्ध्या तासात घामाने सगळं निळं, एक मुलगा रडकुंडीला आला की माझ्या आठ होत्या आणि आता तीनच दिसतायत. दुसऱ्या वर्षी कार्ड आणि शिक्का, कार्डं हरवली. तिसऱ्या वर्षी कुणीतरी रबरबँड सुचवले आणि प्रश्नच मिटला. एका ठिकाणी एक ताई रबरबँडचा ढीग घेऊन बसते, मूल समोरून गेलं की एक बँड हातात देते, मूल चालता चालता मनगटात घालतं, शेवटी बाईंसमोर हात पुढे करायचा आणि मोजायचे. लहानग्यांना मोठे, सैल बँड द्या, आवळून बसले की हात लाल होतो, आणि बारा-पंधरा झाले की निम्मे काढून नोंद करून घ्या. मुलं संध्याकाळपर्यंत ते हातात मिरवतात, काही तर झोपतानाही काढत नाहीत म्हणे.

कबुलीच्या कागदावर नाव, रक्कम, मिळाली का, एवढे तीन रकाने बास असं मला वाटायचं. मग चौथीतल्या एका पोराने ३७ फेऱ्या मारल्या. शेजारच्या आजोबांनी दर फेरीमागे कबूल केलं होतं, त्यांचा हिशेब की हे पोर फार तर पाच मारेल! दुसऱ्या दिवशी त्याची आई ओशाळून शाळेत आली, आता आजोबांकडे कसं मागायचं. तेव्हा चौथा रकाना टाका, "जास्तीत जास्त किती", आणि शक्यतो फेरीमागे न घेता सरळ एक ठरावीक रक्कमच घ्या, हिशेबाचा ताप वाचतो.

बाकीचं पटकन. सकाळी लवकर घ्या, सावली आणि पाणी दोन ठिकाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि ती वापरता येणारं माणूस, दम्याची वगैरे मुलं कोण ते आधी माहीत हवं. छोट्यांची फेरी वेगळी आणि छोटी. जे चालू शकत नाहीत त्यांना रबरबँड वाटायला, गाणी लावायला, माईकवर बोलायला घ्या, आणि व्हीलचेअरवरच्या मुलाची फेरी ही फेरीच असते हे माईकवरून सांगावं लागू नये असा मार्ग आखा. मुलांनी अनोळखी घरांची बेल वाजवायची नाही, ओळखीच्यांकडेच जायचं आणि मोठं कुणीतरी बरोबर हवं, हे लेखी कळवा. कबुलीचे पैसे दोन आठवड्यांत मागून घ्या. त्यानंतर एकदा आठवण, आणि मग सोडून द्या, महिन्याभराने मागणं म्हणजे वरातीमागून घोडं आणि त्यात आपलीच पत जाते.

चालणं जमणार नसेल तर वाचनावर करा, महिन्यात किती पुस्तकं वाचली त्यावर. मैदान लागत नाही, पावसाची भीती नाही, आणि खेळात मागे राहणारी पोरं इथे पुढे असतात.

तिसरी मागणी, जत्रा आणि स्टॉल

इथे लोक सगळ्यात जास्त कष्ट करतात आणि हातात सगळ्यात कमी उरतं, हे माझं स्पष्ट मत. मंडप, साउंड, बॅनर, सजावट, आणि शेवटी चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला. समजा १०० जमले आणि ४० खर्च झाले तर तुम्ही ६० जमवलेत, १०० नाही, आणि मुलांनाही ६०च सांगा. बोर्डावर १०० लिहून संस्थेला ६० पाठवले की कुणीतरी पालक ते पकडतोच आणि मग समजावत बसा.

त्यामुळे नियम एकच, विकत काही आणायचं नाही, जे लागेल ते उसनं किंवा कुणी दिलेलं. बॅनर मुलांनी रंगवायचा. स्टॉलवर रोख पैसे घ्यायचे नाहीत, गेटजवळ एकाच टेबलावर कुपनं विकायची आणि आत फक्त कुपनं चालवायची, म्हणजे रोकड एकाच जागी राहते आणि दहा स्टॉलचे दहा डबे मोजावे लागत नाहीत. उरलेल्या कुपनांचे पैसे परत मिळणार नाहीत हे मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर शेवटचा अर्धा तास त्याच वादात जातो. खायचं काही ठेवलंत तर कशात काय घातलंय त्याची चिठ्ठी समोर लावा, अ‍ॅलर्जी असणाऱ्या मुलांसाठी.

सगळ्यात चांगला चालणारा स्टॉल म्हणजे जुन्या पुस्तकांचा. सगळ्या पुस्तकांना एकच किंमत, घासाघीस नाही. पण पुस्तकं मागवताना नीट सांगा, नाहीतर लोक माळा साफ करतात, आम्हाला एकदा वाळवी लागलेली मासिकं आणि आठ वर्षांपूर्वीच्या अभ्यासक्रमाची गाइडं पोतंभर आली होती. आता सूचना अशी जाते, "जे पुस्तक तुम्ही मित्राला भेट द्याल तेच आणा". पोती बंद झाली.

लकी ड्रॉ काढायची आयडिया कुणीतरी काढणारच. बऱ्याच देशांत तिकीट विकून सोडत काढणं हे लॉटरीत मोडतं आणि त्याला परवाना लागतो, तेव्हा आपल्याकडचा नियम बघितल्याशिवाय तिकिटं छापू नका. मी तर त्या वाटेलाच जात नाही.

युनिफॉर्म नको, पैसे द्या, हा दिवस

पैसे देऊन रंगीत कपड्यात यायचं असा दिवस बऱ्याच शाळा करतात. सोपा आहे, खर्च शून्य. पण ज्याच्याकडे पैसे नाहीत ते मूल त्या दिवशी युनिफॉर्ममध्ये येतं आणि सगळ्या शाळेला दिसतं, नाहीतर पोट दुखतंय म्हणून घरी राहतं. आमच्या एका वर्गात हजेरी घेताना एका बाईंच्या हे लक्षात आलं, त्या दिवशी गैरहजर असलेली पाचही मुलं साधारण कुठल्या घरातली होती ते सगळ्यांना माहीत होतं. आता आम्ही सगळ्यांना रंगीत कपड्यात यायला सांगतो, पैसे द्या न द्या, आणि गेटवर फट असलेली बंद पेटी, तिच्याजवळ कुणी उभं राहायचं नाही. पैसे थोडे कमी येतात. येऊ देत.

हाच न्याय बाकी सगळीकडे. "सर्वात जास्त देणारा वर्ग", "टॉप टेन पालक" असल्या याद्या फळ्यावर नकोत. किती जमले ते दाखवायला फळ्यावर मोठा थर्मामीटर काढून लाल रंग चढवायचा असेल तर पूर्ण शाळेचा एकच काढा.

घरी काय लिहून पाठवायचं

ताकाला जाऊन भांडं लपवू नका. मेसेज पहिल्या ओळीत सांगणारा हवा की पैसे मागतोय, कशासाठी, कधीपर्यंत. आमचा साधारण असा असतो: "नमस्कार, या वर्षीच्या तीन मागण्यांपैकी ही दुसरी. शनिवारी मुलं जनावरांच्या दवाखान्यासाठी फेऱ्या मारणार आहेत. कितीही छोटी रक्कम चालेल, नाही जमलं तरी मूल चालायला येऊ दे. पैसे पुढच्या शुक्रवारपर्यंत." तीनपैकी दुसरी, हे लिहिल्याने लोकांचा जीव भांड्यात पडतो, खरंच, मला दोन-तीन पालकांनी तसं बोलून दाखवलंय.

कशासाठी ते सांगताना आकडे कमी, माणूस जास्त. २००७ मध्ये डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांचा अभ्यास आला होता, काहींना मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीबद्दल सांगितलं आणि काहींना भुकेल्या लोकांचे लाखांतले आकडे, तर एका मुलीसाठी लोकांनी जवळपास दुप्पट दिले. आणि मजा म्हणजे गोष्टीबरोबर आकडेही दिले तर पैसे परत घटले. पण याचा अर्थ रडक्या चेहऱ्याचे फोटो लावायचे असा घेऊ नका. ज्याचा फोटो लावताय ते मूल उद्या तुमच्या शाळेत आलं तर त्याला तो फोटो बघून कसं वाटेल, एवढा विचार करा आणि मग लावा, तोही परवानगी घेऊन. आपल्या मुलांच्या फोटोंनाही परवानगी लागते बरं का, वर्षाच्या सुरुवातीलाच एका फॉर्मवर घेऊन टाका.

आणि कुणी म्हणालं की आपणही ते आइस बकेटसारखं (डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घ्यायचं आणि व्हिडिओ टाकायचा) व्हायरल काहीतरी करू, तर हसून विषय बदला. २०१४ च्या त्या उन्हाळ्यात एएलएस या मज्जातंतूंच्या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेला ११५ मिलियन डॉलर मिळाले हे खरं, पण ते कुणी मीटिंगमध्ये बसून ठरवलेलं नव्हतं, आणि तसं परत त्यांनाही जमलं नाही.

पैसे पोचवल्यानंतर

पुठ्ठ्याचा भला मोठा चेक आणि फोटो याला माझी ना नाही, मुलांना मजा येते. पण त्या आधी खरे पैसे गेलेले हवेत आणि पावतीची प्रत नोटीस बोर्डवर, पालकांच्या ग्रुपवर, दोन आठवड्यांच्या आत. त्यात चार आकडे, किती जमले, खर्च किती, किती पाठवले, कधी पाठवले. बास, कौतुकाचे परिच्छेद नकोत.

मग तीन-चार महिन्यांनी संस्थेला विचारा की त्या पैशाचं काय झालं, आणि जे कळेल ते परिपाठाला मुलांना सांगा. हे बहुतेक शाळा विसरतात, आम्हीही विसरायचो. दवाखान्याने आम्हाला एक साधा फोटो पाठवला होता, पाय बरा झालेलं एक तपकिरी कुत्रं आणि मागे नवीन टेबल, तो फोटो अजून मुख्याध्यापिका बाईंच्या केबिनबाहेर आहे, आणि पुढच्या वर्षीचं पाकीट वाटताना मला काहीही समजावून सांगावं लागलं नाही.

सगळ्यात शेवटी एक वही. पुढच्या वर्षी हे काम कुणाच्या गळ्यात पडेल सांगता येत नाही, त्याला शून्यापासून सुरुवात करायला लावू नका. आमच्या वहीत बँकेच्या स्लिपा चिकटवलेल्या आहेत, संस्थांचे संपर्क आहेत, कुठल्या पालकांकडे घडीचं टेबल आहे आणि कुणाकडे स्पीकर ते आहे, आणि मधेमधे वेगवेगळ्या अक्षरांत नुसत्या सूचना. "मोजायला एकटीने बसू नये." "कबुलीच्या कागदावर जास्तीत जास्तचा रकाना!!" "पोतंभर गाइडं परत पाठवली, वाद झाला, चालेल." आणि शेवटच्या पानावर कुणीतरी पेन्सिलने लिहून ठेवलंय, "रबरबँड कपाटात डावीकडे, खालच्या कप्प्यात. निम्मे मुलांनी घरी नेले, नवीन आणावे लागतील."